दिवा बंद पडला तर कुणाकडे जाल?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘आपल्या तुकडीची कॉम्प्युटर इंजिनिअर’ अशी करून दिली. मी ऐरोलीच्या ऑफिसात नेमकं काय करते हे माझ्या आईला वीस वर्षांत समजलेलं नाही, तेव्हा तुम्हाला दहा-पंधरा मिनिटांत समजावण्याच्या फंदात मी पडत नाही. मी आज मोरिवलीतल्या आमच्या परिसर समितीबद्दल बोलणार आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती याच सभागृहात, याच लोकांसमोर सांगायला हवी होती.

पण सुरुवात सहावीच्या वर्गापासून करते. नागरिकशास्त्राचा तास. वीस गुणांचा विषय, त्यामुळे आपल्यातले निम्मे झोपेत. बाईंनी विचारलं, “तुमच्या घरासमोरचा दिवा बंद पडला तर कुणाकडे जाल?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “नगरपालिकेकडे!” बाई म्हणाल्या, “बरोबर. आणि गेल्या वर्षी बंद पडला असता तर?” वर्ग गप्प. उत्तर होतं कल्याण महापालिका. १९८३ साली अंबरनाथ आणि बदलापूर कल्याणच्या महापालिकेत घातलं गेलं आणि १९९२ साली पुन्हा बाहेर काढलं गेलं. आपण तेव्हा पाचवीची परीक्षा देत होतो, आपल्याला पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, “खांब तोच, दिवा तोच, आणि मालक बदलला. तुम्हाला कुणी येऊन सांगणार नाही. तुम्हीच माहीत करून घ्यायचं.”

बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल. मला ते वाक्य नीट कळायला २०२१ साल उजाडावं लागलं.

ते साल कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकाच्या घरातून कुणीतरी गेलं होतं किंवा जाता जाता वाचलं होतं. करोनाच्या काळात आमच्या सोसायटीतली काही मंडळी आणि मागच्या पाड्यातली पोरं मिळून औषधं, धान्य, ऑक्सिजनचे सिलिंडर पोहोचवत होतो. लाट ओसरली, पण एकमेकांचे नंबर फोनमध्ये राहिले. त्याच सुमारास लक्षात आलं की आपल्याला नगरसेवकच नाही. २०२० साली नगरपरिषदेची मुदत संपली होती आणि प्रशासक नेमला गेला होता. पुढे पाच वर्षांहून जास्त काळ तसंच चाललं, निवडणूक झाली ती थेट गेल्या डिसेंबरात. पूर्वी नळाला पाणी आलं नाही की नगरसेवकाच्या दारात जाऊन दोन शब्द ऐकवता यायचे. आता ऐकवायचे कुणाला?

म्हणून अकरा जण जमलो. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, रविवारी संध्याकाळी. नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. मी इंजिनिअर म्हणून वही माझ्याकडे आली. पहिल्या बैठकीत सव्वीस तक्रारी लिहिल्या. मला वाटलं, सोपं आहे. माझं आयुष्यच तक्रारींवर चालतं. ऑफिसात प्रत्येक बिघाडाला क्रमांक देतो, जबाबदार माणूस ठरवतो, तारीख टाकतो आणि दुरुस्त होईपर्यंत पिच्छा सोडत नाही. तेच इथे करू.

‘जबाबदार माणूस’ या रकान्यापाशीच मी अडकले.

मोरिवलीत एका बाजूला कारखाने, एका बाजूला पाडा आणि चाळी, मध्ये आमच्यासारख्या नव्या इमारती. शंभर पावलं चाललात तर हद्द बदलते. एमआयडीसीच्या क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीकडे. बाहेरचे गल्लीबोळ, गटारं, कचरा, रस्त्यावरचे दिवे नगरपरिषदेकडे. घरात येणारं पाणी मात्र नगरपरिषदेचं नाही, ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. वीज महावितरणची. राज्य महामार्ग आणखी वेगळ्यांकडे. वाहतूक ठाणे शहर पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. रुळाला लागून काही असेल तर रेल्वे. हवेला वास आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि तो वास ज्या टाकीतून आला त्या टाकीच्या सुरक्षिततेचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. पाण्याच्या गळतीसाठी एकाने रस्ता खणायचा, दुसऱ्याने परवानगी द्यायची, तिसऱ्याने बुजवायचा आणि पडायचं मात्र आपण.

सव्वीस तक्रारींपैकी नऊ आम्ही चुकीच्या दारात नेल्या होत्या. एका कार्यालयाच्या पोर्टलवर तर तक्रार दोन दिवसांत ‘निकाली’ झाली. मी आनंदाने घराबाहेर जाऊन पाहिलं तर अंधार तसाच. ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढं लिहून ती निकाली काढली होती. ऑफिसात आमची पोरंही असंच करतात, त्यामुळे मला राग येण्याआधी हसूच आलं.

पहिले तीन महिने आम्ही एकच काम केलं. परिसराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खांब, झाकण, वळण, वाहिनी कुणाच्या अखत्यारीत आहे ते लिहिलं. पाड्यातले एक निवृत्त फिटर काका होते, त्यांना जमिनीखालच्या वाहिन्या तोंडपाठ. भूगोलाच्या सरांनी आपल्याला नकाशा भरायला लावताना जितकं पिडलं होतं, त्याचा उपयोग तेव्हा झाला. सर, उशिरा का होईना, धन्यवाद.

नकाशा झाल्यावर कामं व्हायला लागली. सगळी नाही. पण योग्य दारात, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन उभं राहिलं की माणसं काम करतात हा आमचा अनुभव आहे. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत आहे, मुदतीत झालं नाही तर अपील आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. हे सगळं आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकानंतर आलं, म्हणून सांगते.

आमच्या हातून झालेल्या चुका सांगितल्याशिवाय हे भाषण खरं होणार नाही. दोन सांगते. पहिली हसण्यासारखी आहे, निदान आता.

शाळेच्या वळणावर मुलं रस्ता ओलांडतात, तिथे ट्रक वेगात यायचे. गतिरोधक हवा असा अर्ज दिला. उत्तर येईपर्यंत आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी रात्रीतून खडी-डांबर टाकून स्वतःच एक गतिरोधक उभा केला. गतिरोधक कसला, बांधच तो. दुसऱ्या दिवशी ट्रक आरामात गेले आणि आमच्याच समितीतल्या काकू मुलाच्या स्कूटरवरून मागच्या मागे पडल्या. मनगट मोडलं. मग मी बसून वाचलं. भारतीय रस्ते काँग्रेसने यासाठी मानकं ठरवली आहेत. साधारण पंचवीस किलोमीटर वेगासाठी गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटीमीटर उंच हवा, वर पट्टे रंगवलेले हवेत, आधी सूचनाफलक हवा. आमचा होता अर्ध्या मीटरचा आणि वीतभर उंच. तो आम्हीच उखडला. काकू अजून बैठकीला येतात आणि कुणी जास्त उत्साह दाखवला की नुसतं मनगट वर करून दाखवतात.

दुसरी चूक माझी आहे.

त्याच वळणावर सकाळी सातच्या सुमारास प्रचंड कोंडी व्हायची. शाळेच्या रिक्षा, कारखान्यांच्या बस, ट्रक. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मी आणि माझा भाचा आमच्या गॅलरीत बसलो आणि आठवडाभर मोजणी केली. किती गाड्या, कधी थांबल्या, किती वेळ. सुंदर तक्ता झाला. त्यात दिसत होतं की रस्त्याची एक तृतीयांश रुंदी भाजी-फळांच्या हातगाड्यांनी अडवली आहे. बैठकीत मी तो तक्ता भिंतीवर दाखवला. कुणी काही विचारलं नाही. आकड्यांपुढे लोक गप्प बसतात, हे मला माझ्या धंद्यामुळे चांगलं माहीत आहे. पत्र लिहिलं. चौदा सह्या झाल्या. सगळ्यात वरची माझी.

आठवड्याभरात कारवाई झाली. कोपरा मोकळा. आमच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली.

कोंडी कमी झाली नाही. पण ते आम्ही फारसं बघितलं नाही.

दोन महिन्यांनी मी ऑफिसातून येत होते. अंबरनाथ स्टेशनच्या पुलाखाली एक बाई टोपलीत मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. मी भाव विचारला. तिने वर पाहिलं आणि मला नावाने हाक मारली. आपल्या वर्गातली. तिसऱ्या बाकावरची. गणितात माझ्यापेक्षा दोन गुण जास्त घेणारी, नववीनंतर शाळेत न दिसलेली. आपण कुणी तेव्हा विचारलंही नव्हतं की ती का येत नाही. ती आज इथे आहे, आणि हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. ती म्हणाली, “सांग, पण माझं नाव घेऊन रडू नकोस.” म्हणून नाव घेत नाही.

मी विचारलं, “इथे कधीपासून?” ती म्हणाली, “आधी गाडी होती, तुमच्या कोपऱ्यावर. बारा वर्षं. गाडी गेली, आता टोपली.” मग जुडी बांधता बांधता म्हणाली, “पत्र दाखवलं मला एकाने. तुझी सही अजून शाळेतल्यासारखीच आहे, खाली दोन टिंबं देतेस.”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ती काय बोलली ते शब्दशः आठवतं. “मला एकदा विचारायचं तरी. मी पहाटे पाचपासून त्या कोपऱ्यावर असायचे. तुझा ट्रक का थांबतो ते मला माहीत होतं.”

आणि तिला खरंच माहीत होतं. काही कारखान्यांच्या गेटवर मालाच्या ट्रकना आठशिवाय आत घेत नव्हते. रात्री निघालेले ट्रक सहा-साडेसहाला पोहोचायचे आणि दीड-दोन तास वळणाच्या पलीकडे ओळीने उभे राहायचे. आमच्या गॅलरीतून वळणाच्या पलीकडचं दिसतच नाही. दिसत होत्या फक्त गाड्या. आम्ही जे दिसलं ते मोजलं आणि जे मोजलं त्यालाच कारण म्हटलं. माझ्या हाताखालच्या एखाद्या नव्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला तासभर सुनावलं असतं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. काही जण चिडले. “फूटपाथवर गाड्या नकोतच,” असं म्हणणारे होते, आजही आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. चालायला जागा लागतेच. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा काय म्हणतो ते आम्ही वाचलं. शहरात पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जे सुचलं होतं ते आमच्या अकरा शहाण्यांना सुचलं नव्हतं. आमच्यात एकही जण रस्त्यावर पोट भरणारा नव्हता. बैठक क्लबहाऊसमध्ये, तिथे जायला सोसायटीच्या गेटवर नाव लिहावं लागतं. वेळ रविवारची संध्याकाळ, म्हणजे विक्रीची सगळ्यात मोठी वेळ. आम्ही कुणाला बाहेर ठेवलं नव्हतं असं आम्हाला वाटायचं. दार आणि वेळ मिळून आमच्या वतीने ते काम करत होते.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. बैठक पाड्यातल्या समाजमंदिराच्या ओट्यावर आणली. वेळ दुपारी तीनची ठेवली आणि दिवस कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा. आणि एक नियम केला की ज्या जागेबद्दल ठराव करायचा, त्या जागेवर रोज उभं राहणारा माणूस हजर नसेल तर ठराव पुढे ढकलायचा. यामुळे कामं रेंगाळतात. माझी चिडचिड होते. नियम मात्र मोडलेला नाही.

मग कारखान्यांना पत्रं दिली, वाहतूक पोलिसांना भेटलो. दोन कारखान्यांनी ट्रक साडेसहापासून आत घ्यायला सुरुवात केली. शाळेच्या रिक्षांसाठी अलीकडची बाजू ठरली. कोंडी पुष्कळ कमी झाली. आमची मैत्रीण कोपऱ्यापासून थोडी आत, शाळेच्या भिंतीपासून लांब, पुन्हा गाडी लावते. तिला जागा परत मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत तिच्या धाकट्याचा क्लास सुटला. ते मी भरून देऊ शकलेले नाही. ‘चूक सुधारली’ असं म्हणताना हे विसरू नये म्हणून सांगते.

आता सप्टेंबर २०२४. गणपतीचे दिवस. तुमच्यापैकी जे अंबरनाथमध्ये आहेत त्यांना ती रात्र आठवत असेल. एका कारखान्यातून निघालेला रासायनिक धूर शहरात पसरला. डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला, रस्त्यावर धुक्यासारखा थर. बाहेरगावच्या मित्रांनी बातम्या पाहून फोन केले होते.

मी गॅलरीत होते. पाड्याकडून माणसं पळत येताना दिसली, आणि ज्या बाजूने धूर येत होता त्याच्याच पुढे पुढे, वारा जाईल तिकडे पळत होती. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेने पळायचं नसतं, वाऱ्याला आडवं जायचं असतं. घर पक्कं असेल तर खिडक्या बंद करून, फटींना ओली फडकी लावून आत थांबायचं. तोंडाला ओला रुमाल. हे आम्ही दोनच महिन्यांपूर्वी समाजमंदिरात बोललो होतो, बारा-पंधरा लोकांसमोर. मी ग्रुपवर लिहायला लागले. पण त्या वेळी ग्रुपवर इतके संदेश पडत होते की माझा कुणी वाचला नसावा.

पाड्यात दारोदार फिरली ती आमची मैत्रीण आणि तिच्याबरोबरच्या दोन भाजीवाल्या. कोणत्या खोलीत दम्याची म्हातारी आहे, कुठे बाळंतीण आहे, कोणाचा नवरा रात्रपाळीला गेल्यामुळे ती एकटी आहे, हे त्यांना माहीत होतं. बारा वर्षं त्या घरांत त्यांची भाजी जात होती. माझ्या तक्त्यात घरांचे क्रमांक होते, माणसं नव्हती. तिने तोंडाला ओला पदर बांधून चाळीसेक घरं पालथी घातली आणि दोन वृद्धांना रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचवलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जागी गाडीवर होती. डोळे लाल.

त्या रात्रीनंतर मी पुन्हा वाचायला बसले. १९८४ च्या भोपाळनंतर आपल्या देशात कायदे बदलले. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने धोक्याची आणि खबरदारीची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी असं त्यात सांगितलं होतं. १९९६ च्या रासायनिक अपघातांविषयीच्या नियमांमध्ये तर केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट सांगितले आहेत. स्थानिक गटात प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, अग्निशमन, पोलीस, उद्योगांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर दोन स्थानिक डॉक्टर, दोन समाजसेवक, एका स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक यांनाही जागा आहे. म्हणजे आपण दहावीच्या उंबरठ्यावर असतानाच आपल्यासाठी एका टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या. मोरिवलीच्या बाजूने त्या खुर्च्यांवर कोण बसतं, ते आम्ही लेखी विचारलं आहे. पाठपुरावा चालू आहे. तोपर्यंत समाजमंदिराच्या भिंतीवर आमचा तक्ता आहे. ११२, १०१, १०८, कोणत्या गल्लीत कोणाला मदत लागेल, आणि वारा कुठला आहे हे दाखवायला बांबूला बांधलेला एक जुना ओढणीचा तुकडा. त्या ओढणीची कल्पना माझी नाही. कुणाची ते तुम्ही ओळखलं असेल.

हा प्रश्न एकट्या मोरिवलीचा नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. आपण जिच्या काठी सहल म्हणून शिवमंदिर पाहायला जायचो, तीच नदी.

आता थोडं मोठं चित्र. खेड्याला ग्रामसभा आहे. गावातला कुणीही मतदार उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. शहरासाठी १९९३ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, तिच्यात प्रभाग समित्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांच्या थोडं वर. त्यानंतर जनगणना झालेली नाही. म्हणजे कागदावर आपण गावही नाही आणि पुरेसे शहरही नाही. मोरिवलीचं गावपण गेलं तेव्हा गावाची बसायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

ती जागा लोकांनी स्वतः केल्याची उदाहरणं मात्र जवळच आहेत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात भिवंडीला १९८४ साली भीषण दंगल झाली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसायची, किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटवायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपण तेव्हा सहावीत होतो, शाळेला सुट्टी मिळाली म्हणून खूश होतो. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या लोकांची एकमेकांना बसण्याची सवय संकटाच्या आधीची होती. आग लागल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो. आमच्या पाड्यातही तेच झालं. मैत्रिणीने दारावर थाप मारली आणि लोकांनी ऐकलं, कारण ते तिला ओळखत होते. मी मारली असती तर ‘कोण तुम्ही?’ इथपासून सुरुवात झाली असती.

आता डिसेंबरात निवडणूक झाली, नगरसेवक आले. कुणीतरी बैठकीत म्हणालं, “मग समिती बंद करायची का?” मैत्रीण म्हणाली, “नगरसेवकालाच बोलवा की ओट्यावर. चहा आपण देऊ.” बोलावलं आहे.

शेवटी मागणं. स्नेहमेळाव्यात वर्गणी मागतात, मी वेळ मागते. तुमच्यात दोन डॉक्टर आहेत, एक वकील आहे, दोघे-तिघे कारखान्यांत मॅनेजर आहेत. डॉक्टरांनी त्या खुर्च्यांसाठी नाव द्यावं. मॅनेजरांनी आपापल्या कारखान्यात काय साठवलंय आणि गळती झाली तर शेजाऱ्यांनी काय करायचं, ते शेजाऱ्यांना समजेल अशा मराठीत एका पानावर लिहून गेटवर लावावं. जे बदलापूर, डोंबिवली, पुणे, परदेशात आहेत, त्यांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढावा. फक्त गॅलरीतून काढू नका, खाली उतरा.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडंफार येतं. दिवा बंद पडला तर खांबावरचा क्रमांक बघायचा, खांब कुणाचा ते नकाशात शोधायचं आणि अर्ज द्यायचा. पण अर्ज देण्याआधी त्या खांबाखाली रोज कोण बसतं, त्याला विचारायचं. दिवा कधी गेला आणि कशाने गेला, ते बहुतेक त्याला माहीत असतं.

पुढची बैठक येत्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, समाजमंदिराच्या ओट्यावर. गेटवर नाव लिहावं लागत नाही. चहा करायची पाळी माझी आहे, तेवढं सांभाळून घ्या.